मुलाच्या हातातल्या जादूच्या पुस्तकाला घरातून हरकत आली, तर काय करायचं

“ह्यां भुताखेताचां पुस्तक पोराक कित्याक दिलंस?” दर पावसाळ्यात हा प्रश्न एकदा तरी आमच्या वाचनकट्ट्यावर येतो. विचारणारे कधी आजोबा असतात, कधी मोहल्ल्यातली एखादी आई, तर कधी रविवारची मिस्सा आटोपून आलेली मावशी. अशा वेळी शिक्षक, ग्रंथपाल, कट्टा चालवणारे आम्ही सगळेच ठरलेल्या दोन चुकांपैकी एक करतो. एक तर पुस्तक गुपचूप कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून देतो, नाहीतर “अहो, जग कुठे चाललंय” असं म्हणून वाद घालतो. पहिल्या चुकीने मुलाचं पुस्तक जातं आणि दुसरीने पुढे ते मूलच यायचं बंद होतं.

खालचा क्रम मी चुकत चुकत बसवलेला आहे. तो सहसा उलटा करू नका. बहुतेक प्रकरणं बिघडतात ती चौथा टप्पा पहिल्याच दिवशी गाठल्यामुळे.

टप्पा १: पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचा

मुखपृष्ठ बघून आक्षेप घेतला, अशी तक्रार आपण करतो. पण पुष्कळदा आपणही मुखपृष्ठ बघूनच बचावाला उभे राहतो. माझ्याकडून हे झालेलं आहे. शेवटची ऐंशी पानं न वाचता मी पालकांच्या बैठकीला गेले. एका आईने काही न बोलता पुस्तक उघडून माझ्यासमोर धरलं. त्या पानावर खलनायक बोट कापतो, रक्ताचा थेंब वाटीत पाडतो आणि मेलेल्या माणसाला हाक मारतो. मला ते पान माहीतच नव्हतं. त्याच कृत्याने पुढे त्याचा नाश होतो, हे सांगायला मी नंतर तिच्या घरी गेले, पण बैठकीतली ती वेळ गेली ती गेलीच.

वाचताना शेजारी कागद ठेवा आणि पान क्रमांकासह एवढं टिपा:

१. गोष्टीतली शक्ती कोणाकडे आहे आणि ती मिळाली कशी? जन्मजात, एखाद्या वस्तूतून, की कोणाची आराधना करून?
२. कोणाला ‘बोलावलं’ जातं का? देव, जिन, आत्मा, भूत?
३. मुलाला घरी करून बघता येईल अशी कृती दिली आहे का?
४. शक्ती वाईट कामाला वापरली तर गोष्टीत त्याची किंमत कोण मोजतं?
५. रात्री एकट्या मुलाला भीती वाटेल अशी पानं कोणती?

दुसरा आणि तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचे. मुलांच्या बहुतेक अद्भुतकथांत शक्ती ही नायकाला पोहता यावं किंवा झाडावर चढता यावं तशी असते. कोणाला आवाहन नाही, कसला विधी नाही. मंत्र म्हणून जे शब्द येतात ते लेखकाने जुळवलेले असतात, ते म्हणून काहीही होत नाही. पण काही पुस्तकांत आवाहन असतं, आणि असेल तर आपल्याला ते आधी माहीत हवं.

तपासा: वाचता न येणाऱ्या आजीला या पुस्तकाची गोष्ट तुम्ही मालवणीत, पाच वाक्यांत सांगू शकता का? येत नसेल तर पुढे जाऊ नका.

टप्पा २: नेमकी हरकत काय आहे ते शोधा

‘धर्माला चालत नाही’ या एका वाक्यात चार वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात.

पहिली म्हणजे साधी भीती. मूल रात्री उठून बसतं, मागच्या दारी जायला कोणीतरी सोबत मागतं. घरचे म्हणतात पुस्तक पाप आहे, पण त्यांना म्हणायचं असतं की मूल झोपत नाही. दुसरी हरकत खरोखर धर्माची असते: आमच्यात जादू निषिद्ध आहे, मग ती गोष्टीत तरी का? तिसरी परकेपणाची. आपल्या पुराणांत काय कमी आहे म्हणून बाहेरच्या चेटकिणी वाचायच्या?

चौथी हरकत कोणी तोंडाने बोलत नाही. आपल्याकडे अनेक घरांत करणीची शंका हा खेळ नसतो. कोणाचं दुखणं हटत नाही, कोणाची होडी दोन हंगाम रिकामी येते, भाऊबंदकीत जमिनीचा वाद असतो आणि मग घाड्याकडे किंवा भगताकडे खेपा सुरू होतात. अशा घरात लहान मुलाने जेवताना “मी तुझ्यावर मंत्र टाकीन” असं हसत म्हटलं, तर ताटावरची माणसं गप्प होतात. त्यांना पुस्तकाचा राग आलेला नसतो, त्यांची जखम उघडी असते.

यातलं काय आहे ते ओळखायला एकच प्रश्न पुरतो: “काका, कुठलं पान?” पान दाखवता आलं तर हरकत पुस्तकाला आहे. दाखवता आलं नाही तर ती शब्दाला आहे, आणि तो शब्द बहुधा ‘जादू’ हाच असतो. मराठीत टोपीतून ससा काढणं ही जादू आणि लिंबू-टाचणी हेही जादूटोणाच. दोन्हींना आपण एकच शब्द वापरतो आणि मग गोंधळ झाला म्हणून आश्चर्य करतो. मी आता कट्ट्यावरच्या फळीला ‘अद्भुतकथा’ अशी चिठ्ठी लावली आहे. आधी तिथे ‘जादूच्या गोष्टी’ असं लिहिलेलं होतं. एवढ्या बदलाने निम्म्या हरकती आल्याच नाहीत.

सावध: पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर उत्तर देऊ नका, चांगलं उत्तर सुचलं असलं तरी नको. तिथे माघार घेणं कोणालाच जमत नाही. “उद्या घरी येते, बोलू” एवढंच लिहा.

टप्पा ३: घरी जा, एकटं जा

शाळेत किंवा ग्रामपंचायतीच्या सभागृहात बोलावू नका. बोलावलेला माणूस बाजू मांडायला येतो, आणि एकदा बाजू मांडली की ती सोडता येत नाही. पडवीत चहाच्या कपाबरोबर तोच माणूस शंका बोलून दाखवतो.

दिवस बघून जा. शिमग्यात पालखी घरोघर फिरत असताना, गणपतीत, रमजानमध्ये इफ्तारच्या आधी, लेन्टच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या काळातल्या, शुक्रवारी हा विषय काढू नका. दुपारची झोप झाल्यावर, साधारण साडेचारनंतरची वेळ बरी. मूल सोबत नको. पुस्तक मात्र न्या, आणि पिशवीत न ठेवता हातात धरा. त्यांना घेऊन चाळू द्या. लपवलेली वस्तू नेहमी जास्त वाईट वाटते.

पहिलं वाक्य मी असं म्हणते: “तुमचं पोर काय वाचतं याकडे तुमचं लक्ष आहे, म्हणून मी आले.” ही खुशामत नाही. ज्या घरात मूल काय वाचतं हे कोणी बघतच नाही, तिथून हरकतही येत नाही.

टप्पा ४: घर बघून बोला

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून जरा थांबून सांगते.

*हिंदू घरात.* सर्रास होणारी चूक म्हणजे “रामायण-महाभारतातही जादूच आहे की!” हे वाक्य. ते कधीही म्हणू नका. तुम्हाला वाटतं तुम्ही पूल बांधला. समोरच्याला ऐकू येतं की तुम्ही त्याच्या देवाला खोट्या गोष्टीच्या रांगेत बसवलंत.

वेंगुर्ला तालुक्यातल्या एका आजोबांकडे मी अशीच बसले होते. आरवलीच्या वेतोबावर त्यांची नितांत श्रद्धा. वेतोबाला नवसाच्या मोठ्या चपला आणि केळ्यांचे घड वाहतात, रात्री तो गावाची राखण करत फिरतो आणि त्या चपला झिजतात, हे त्यांनी मला अशा स्वरात सांगितलं की जणू कालच झिजलेला तळ बघून आले होते. त्यांच्या हातात नातवाचं पुस्तक होतं, त्यात एक मुलगा मंतरलेले जोडे घालून डोंगर ओलांडतो. “ही जादू,” पुस्तकावर बोट ठेवून ते म्हणाले, “आणि तो राखणदार. दोन्ही एक नव्हेत.” मी म्हटलं, “नाहीतच.” मग मी त्यांना पुस्तकातलं एकच पान वाचून दाखवलं. त्या मुलाला जोड्यांच्या जोरावर सावत्र भावाचा सूड घेता आला असता, पण तो परत फिरतो आणि बुडणाऱ्या होडीकडे धावतो. आजोबा बराच वेळ गप्प बसले. मग त्यांनीच मारीच काढला. सोन्याचं हरीण झाला तोही मायेनेच, पण कशासाठी? फसवायला. आणि मारुती वाढला तो कशासाठी? तुलना त्यांची त्यांनी केली म्हणून ती चालली. मी केली असती तर मला चहाचा कप अर्धा ठेवून उठावं लागलं असतं.

दुसरा आधार दशावताराचा, म्हणजे आपल्या जत्रेतल्या रात्रभराच्या नाटकाचा. जत्रेत रात्री संकासुर येतो, काळाकुट्ट, आणि पहिल्या रांगेतली पोरं किंचाळून मागे सरतात. तो वेद पळवतो आणि विष्णूच्या हातून मरतो. सकाळी तोच नट कानामागे काजळी राहिलेली, अशा अवस्थेत चहाच्या टपरीवर उभा असतो आणि तीच पोरं त्याच्याभोवती गोळा होतात. कोणीही त्याला असुर समजून पळत नाही. सोंग आणि माणूस यातला फरक आपल्या मुलांना वयाच्या पाचव्या-सहाव्या वर्षापासून कळतो. ज्यांनी रात्र रात्र जागून दशावतार पाहिला आहे त्यांना हे पटवावं लागत नाही, आठवण करून द्यावी लागते.

‘बाहेरचं वाचतात’ ही हरकत असेल तर घरचंच पुढे करा. विंदा करंदीकर आपल्या देवगड तालुक्यातल्या धालवलीचे. २००३ सालचं ज्ञानपीठ मिळालेल्या या कवीने मुलांसाठी ‘पिशीमावशी आणि तिची भुतावळ’ लिहिली, ‘एटू लोकांचा देश’ लिहिला. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तल्या चेटकिणीला बघून आजच्या आज्या त्यांच्या लहानपणी हसलेल्या आहेत.

*मुस्लिम घरात.* जादू, म्हणजे सेहर, इस्लाममध्ये निषिद्ध आहे. यावर वाद नाही आणि आपण तो घालायचाही नाही. “तुमच्यात हे मना आहे, मला माहीत आहे” इथून सुरुवात करा. मग प्रश्न उरतो तो करणं आणि गोष्टीत वाचणं यातल्या फरकाचा. सूरह ताहामध्ये जादूगारांच्या दोऱ्या आणि काठ्या धावताना भासतात, हजरत मूसांची काठी त्या गिळते आणि जादूगार सजद्यात जातात, म्हणजे जमिनीला कपाळ टेकतात. सूरह बकराच्या १०२व्या आयतीत जादू शिकवण्याचा धिक्कार आहे. हे तुम्हाला ठाऊक असावं, पण तुम्ही त्या धर्माचे नसाल तर तोंडाने सांगू नका. दुसऱ्याच्या ग्रंथातला दाखला त्याच्याच अंगणात फेकायचा नसतो. मोहल्ल्यातले निवृत्त गुरुजी किंवा शिकलेली एखादी भाची सोबत घ्या आणि बोलणं त्यांच्यावर सोडा. काही घरांत उत्तर तरीही ‘नको’ असंच येईल. ते मान्य करा.

*ख्रिस्ती घरात.* वेंगुर्ला, मालवण, सावंतवाडीकडच्या घरांत हरकत बहुतेक वेळा वचनाच्या आधाराने येते: अनुवाद, अध्याय १८, ज्यात चेटूक आणि मेलेल्यांना विचारणं मना केलेलं आहे, किंवा प्रेषितांची कृत्ये, अध्याय १९, ज्यात जादू करणाऱ्यांनी आपली पुस्तकं जाळली. दोन्ही ठिकाणी बोलणं जादू *करणाऱ्यांबद्दल* आहे, आणि जाळलेली पुस्तकं जादू करायची होती. टप्पा १ मधला तिसरा प्रश्न इथे उपयोगी पडतो. या पुस्तकात करून बघण्यासारखं काही नाही, हे पान उलटून दाखवता आलं पाहिजे. आणखी एक गोष्ट घरच्यांना सहसा माहीत नसते. ‘नार्निया’ लिहिणारे सी. एस. लुईस ख्रिस्ती धर्मावर पुस्तकं लिहिणारे श्रद्धावान होते आणि ‘द हॉबिट’चे टोल्किन लहानपणापासून कॅथलिक होते. जादू असलेली गोष्ट श्रद्धेच्या माणसाच्याच हातून आली, हे ऐकून कपाळावरची आठी जरा सैल होते. फादरांशी ओळख असेल तर त्यांना पुस्तक आधीच वाचायला द्या, भांडण झाल्यावर नको.

सावध: कोणत्याही घरात “तुम्ही अंधश्रद्धाळू आहात” हा शब्द तोंडातून निघाला की पुढचे टप्पे विसरा.

टप्पा ५: ते पान मोठ्याने वाचा

पटवून झालं असं वाटलं तरी हा टप्पा गाळू नका. ज्या पानाला हरकत आहे त्याच्या आधीची दोन आणि नंतरची दोन पानं पडवीत बसून मोठ्याने वाचा. सारांश सांगू नका. सारांशात भूत तेवढं उरतं आणि गोष्ट निसटते. म्हाताऱ्या माणसांना बारीक अक्षर दिसत नाही हेही पुष्कळदा कारण असतं. त्यांनी पुस्तक वाचलेलंच नसतं, कारण त्यांना ते वाचता येत नसतं, आणि हे सांगायला त्यांना संकोच वाटतो.

हरकत झोपेची असेल तर वाचन वगैरे काही नको. पुस्तक परत घ्या, दुसरं द्या, सहा महिन्यांनी पुन्हा बघा. घाबरलेल्या मुलाला धीट करणं हे पुस्तकाचं काम नाही. आठ वर्षांच्या मुलाच्या हाती बारा वर्षांच्या मुलाचं पुस्तक गेलं असेल तर चूक आपली आहे, ती तिथेच कबूल करा.

टप्पा ६: निर्णय कोणाचा, ते कागदावर आणा

माझ्या मते सगळ्या प्रकरणाचा कणा हाच आहे. आपल्या मुलाने काय वाचावं हे ठरवायचा हक्क त्या पालकाचा. गावातल्या सगळ्या मुलांनी काय वाचू नये हे ठरवायचा हक्क त्याचा नाही. ही दोन वाक्यं वेगवेगळी, त्याच क्रमाने आणि शांतपणे सांगा. पहिलं मनापासून मान्य केलं की दुसरं ऐकून घेतलं जातं.

व्यवहारात हे असं करा. त्या मुलाच्या वाचक कार्डाच्या मागे पेन्सिलीने खूण करा: ‘अद्भुतकथा घरी विचारून’. पेन्सिलीने, कारण खूण बदलते. इतर मुलांसमोर ती वाचून दाखवू नका. पुस्तक आपल्या जागेवर राहू द्या.

हरकत लेखी आली तर ती कार्यकारी मंडळापुढे ठेवा. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ खालचं मान्यताप्राप्त वाचनालय असेल तर मंडळ आणि कार्यवृत्त असतंच. एका माणसाने फोनवर सांगितलं म्हणून पुस्तक काढायचं नाही आणि एकट्या ग्रंथपालाने ठेवण्याचा हट्टही धरायचा नाही. मंडळातल्या निदान दोघांनी पुस्तक पूर्ण वाचावं, मग ठराव लिहावा. ठरावात पुस्तकाचं नाव, हरकतीचं पान, कोणी वाचलं, काय ठरलं आणि कोणत्या वयासाठी, एवढं आलं की पुरे.

कायद्याची भीती दोन बाजूंनी घातली जाते. कोणी म्हणतं, जादूटोणाविरोधी कायदा आहे, असली पुस्तकं चालत नाहीत. २०१३चा तो कायदा अनुसूचीत दिलेल्या कृत्यांसाठी आहे: भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, चमत्काराचा दावा करून पैसे उकळणं, कोणावर करणी केल्याचा आळ घेऊन त्याचं जगणं मुश्कील करणं. मुलांची कल्पित कथा त्यात बसत नाही. कोणी म्हणतं, भावना दुखावल्या, तक्रार करू. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ला जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केलेला धर्माचा अपमान लागतो. हे स्वतःच्या धीरासाठी लक्षात ठेवा. पडवीत कलमं काढलीत तर चहा मिळेल, पण मूल परत येणार नाही.

तपासा: ठरावाची प्रत हरकत घेणाऱ्याला तुम्ही स्वतःच्या हाताने दिलीत का? त्याला ती बाजारात कोणाकडून कळता कामा नये.

टप्पा ७: मुलाशी बोला, आणि परत जा

या सगळ्यात मूल घाबरलेलं असतं. आपल्यामुळे भांडण झालं असं त्याला वाटतं. त्याला वेगळं बसवून सांगा की तुझी चूक काही नाही, आजोबांना तुझी काळजी आहे, आणि सध्या हे पुस्तक थांबवायचं ठरलंय. मोठी माणसं कशी चुकतात ते त्याला सांगू नका. आणि लपवून पुस्तक देऊ नका. हे मला दोनदा सांगावंसं वाटतं: लपवून देऊ नका. दप्तरातल्या भूगोलाच्या पुस्तकाआड ते सापडतं, मग जातं ते एकटं जात नाही. त्याच्यामागून ‘किशोर’चे अंकही जातात आणि कट्टाही.

पहिल्या भेटीनंतर महिन्याभराने पुन्हा त्या घरी जा, आणि या खेपेला पुस्तक नेऊ नका. पोर कसं आहे, काय वाचतंय, एवढंच विचारा. माझ्याकडे एका मुलीच्या कार्डावर ती पेन्सिलीची खूण तीन वर्षं आहे. घरचं उत्तर बदललेलं नाही. ती सध्या सागरी कासवांवरची आणि तारांगणावरची पुस्तकं नेते, आणि परत करताना अद्भुतकथांच्या फळीसमोर थोडी रेंगाळते. तिच्या आईकडे जायची पुढची तारीख मी कार्डावर लिहून ठेवली आहे, ईदनंतरचा दुसरा शनिवार.